आकारामच्या अर्जाबाबत

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

आज सायंकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी अमेरिकेतल्या एका कचेरीतल्या मुलीने माझं वाक्य अर्धवट असताना फोन ठेवला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, म्हणजे पोरगी दमली होती असंही म्हणता येणार नाही. त्याआधी तिने मला दोनदा ‘हनी’ म्हटलं. मी एकाहत्तर वर्षांची आहे. नन्सच्या हाताखाली शिकले आणि पुढे त्याच शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘हनी’ म्हणायची परवानगी मी माझ्या नवऱ्यालाही दिली नव्हती.

माझा मुलगा उन्मेष न्यू जर्सीत असतो. त्याच्या भागातून निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीची ही कचेरी. तिकडे एक बरी पद्धत आहे. भागात राहणाऱ्याने सही करून अर्ज दिला की त्यांना तो पुढे पाठवावा लागतो. गेल्या महिन्यात आकारामचा अर्ज उन्मेषच्या सहीने दिला. मजकूर अर्थात माझा. येत्या शुक्रवारी अलास्कात अमेरिका आणि रशियाच्या अध्यक्षांची बैठक आहे, तिथे आकारामचं नाव टेबलावर जाणार की नाही, एवढंच मी विचारत होते. ‘टेबलावर’ म्हणेपर्यंत फोन बंद.

आकाराम म्हणजे चिमणाबाईचा मुलगा, वय एकोणतीस. चिमणाबाई एकोणीस वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला आणि वरकामाला आहे. मूळची नेसरीची, नवरा कधीच गेला. आकाराम लहानपणी तिच्याबरोबर यायचा, तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात बसवून इंग्रजी शिकवलं. मोठेपणी दुधाचा टँकर चालवायचा. या जानेवारीत रशियात गोदामातली नोकरी म्हणून गेला आणि मार्चमध्ये तिथे त्याच्या हातात बंदूक दिली. ९ जूनपासून फोन नाही. त्याच्या तुकडीतला एक पंजाबी मुलगा सांगतो की युक्रेनच्या सैन्याने वेढा घातला, त्यात तो होता. वेढ्यात सापडला म्हणजे पकडला गेला. पकडला गेला म्हणजे कैदी. कैद्यांची अदलाबदल अमेरिका घडवून आणणार. यात न कळण्यासारखं काय आहे?

जाण्याआधी एजंटचं पत्र त्याने मला आणून दाखवलं होतं. एक पान, स्वच्छ टाइप केलेलं, अर्धविराम योग्य जागी. असं इंग्रजी लिहिणारा माणूस लबाड असेल असं मला वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. त्यालाही वरच्या कुणीतरी फसवलं असणार. सहीचे कागद मात्र रशियन भाषेत होते, ते त्याला तिकडे गेल्यावर दिले. ते मी कसे वाचणार?

फोन ठेवला तेव्हा चिमणाबाई दारात उभी होती.

“काय म्हनली बाई?”

“बाई नव्हे, पोरगी होती.”

“आकारामचं नाव तर घेतलं न्हवं तिनं?”

“घेतलं.”

घेतलं नव्हतं. पण तिला भाकरी करायच्या होत्या.

बुधवार, १३ ऑगस्ट

त्या मुलीविरुद्ध लेखी तक्रार काल गेली. आज चिमणाबाईचं निवेदन इंग्रजीत लिहिलं. आईचं निवेदन सोबत असलं की वजन पडतं.

“सांग. थोडक्यात सांग.”

“लिवा, सायेब, तुमाला पोरं हायत न्हवं.”

“असं लिहीत नाहीत.”

“मग कसं लिवत्यात?”

“आदरपूर्वक निदर्शनास आणते की.”

तिने विचार केला. “बरं. ते बी लिवा आनि पोरांचं बी लिवा.”

मग तिने मोबाईल काढला आणि ९ जूनचा आवाज पुन्हा ऐकवला. बावन्न सेकंद. मागे कुणीतरी ओरडत असतं. आकाराम म्हणतो, “आई, आमाला म्होरं न्यायलेत. मेलेली मानसं वडून आनायचं काम दिलंय. हात लई दुखायलाय. माईस्नी म्हनावं, त्या कागदात ह्यातलं काय बी नव्हतं. अनुजाच्या पोरीला मराठी शाळंत घाला.”

माई म्हणजे मी. अनुजा म्हणजे त्याची धाकटी बहीण. शेवटच्या वाक्याचा संदर्भ मला लागला नाही. घाबरलेला माणूस काहीही बोलतो.

हे सगळं मी निवेदनातून गाळलं. जो मध्यस्थी करतोय त्याच्यापुढे तक्रारीचा सूर लावायचा नसतो. ‘तो शिस्तप्रिय आणि मेहनती आहे’ असं लिहिलं. चिमणाबाईने विचारलं, “हाताचं लिवलं का?” मी म्हटलं, लिहिलं.

शनिवार, १६ ऑगस्ट

चिमणाबाई सहालाच आली. चहा न करता टीव्हीपुढे फरशीवर बसली. अलास्काची बैठक आपल्याकडे पहाटे संपली होती आणि तीच तीच चित्रं फिरवून दाखवत होते. लाल गालिचा, हस्तांदोलन, दोघं एकाच गाडीत. तीन तास बोलणी झाली आणि ठरलं काहीच नाही.

“ह्यातला भांडनारा कोन आन मिटवनारा कोन?” तिने विचारलं.

मी बोट दाखवून सांगितलं.

“मग दुसरा भांडनारा कुटं हाय?”

“त्याला आज बोलावलं नव्हतं.”

“आमच्यात बांधाचं भांडन मिटवाय बसलं तर दोगास्नी बी बांधावर हुबं करत्यात. एकाला गाडीत घालून फिरवलं तर कसं मिटंल?”

“चिमणाबाई, हे युद्ध आहे. नेसरीचा बांध नव्हे.”

“बांधच हाय की, माई. कुनाची जमीन कुठवर, येवडंच हाय की.”

महासत्तेचं राजकारण असं स्वयंपाकघरातून कळत नसतं. आधी एकाला विश्वासात घ्यायचं, मग दुसऱ्याला, यालाच मुत्सद्देगिरी म्हणतात. मी चौतीस वर्षांत पालकांची किती भांडणं मिटवली. दोघांना एकदम कधीच आत बोलावलं नाही. ज्याचा देणगीत हात मोठा त्याला आधी.

हे वाक्य लिहून झाल्यावर बरं दिसत नाही, पण खरं आहे म्हणून ठेवते.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मुरगूडचे हंबीरराव म्हणून एक निवृत्त सुभेदार आज न कळवता आले. उंच, पांढऱ्या मिशा, हातात पोस्टमनच्या थैलीसारखी थैली. मी पाणी विचारलं तर म्हणाले, “पावना म्हनून आलो न्हाय, बाई. कामाचं बोलाय आलोय.”

त्यांचा पुतण्या विश्वजित आकारामच्याच तुकडीत होता. अशा घरांची नावं ते गावोगाव हिंडून गोळा करतायत.

“दोगं एकाच दिवशी गेलं,” ते म्हणाले.

“गेले म्हणजे पकडले गेले.”

“बाई, मी अठ्ठावीस वर्सं पलटनीत काडली. गेलं म्हंजे काय ते मला कळतंय.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. कैद्यांचं काय व्हायचं ते होवो, पण दोन्ही बाजू प्रेतं बदलून घेतायत, त्यात परदेशी मुलंही आहेत. बहुतेकांची ओळख पटत नाही. आईच्या रक्ताशी जुळवून बघतात. दिल्लीत नमुना द्यायचा, तीस सप्टेंबरच्या आत. जुळलं तर पेटी घरी येते. कुणी नमुना दिलाच नाही तर तिकडेच पुरतात आणि वर आकडा टाकतात.

“आमचा अर्ज अमेरिकेत आहे,” मी म्हटलं. “कैद्यांच्या यादीसाठी.”

“यादीत नाव हाय का त्याचं?”

“प्रक्रिया चालू आहे.”

“तुमचं इंग्रजी फसक्लास आसंल, बाई. पर त्यास्नी इंग्रजी नको हाय. आईचं रगात पायजे.”

“हे सगळं अमेरिका मिटवणार आहे, सुभेदार. थोडा धीर धरा.”

“मिटवू द्या की. मिटवनाऱ्याला घाई नसती. त्याचं काय जळतंय?”

मी उभी राहिले. माझ्या घरात मी उभी राहिले की माणसं निघतात. तेही निघाले. जिन्यात चिमणाबाईला म्हणाले, “अक्का, शुक्रवारी गाडी हाय. इचार कर.”

ती आत आली. “माई, काय करू?”

मी तिला नीट समजावलं. रक्त दिलं म्हणजे मुलगा मेला हे तू स्वतः लेखी मान्य केलंस. मग कैद्यांच्या यादीत त्याचं नाव कशाला राहील? मेलेल्या माणसाच्या बदल्यात जिवंत माणूस कोण देतं? हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण कचेऱ्या कशा चालतात ते मी आयुष्यभर बघितलंय. एका खिडकीवर मयत लिहिलं की दुसऱ्या खिडकीवर तुम्ही मेलेलेच.

“म्हंजे माझ्या हातानं त्याचं नाव खोडल्यागत हुईल,” ती म्हणाली.

“अगदी बरोबर.”

“तुमी म्हंतासा तर न्हाय जात.”

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सकाळीच अनुजा आली. बारावी झालेली, कापडाच्या दुकानात बसते. आल्याआल्या म्हणाली, “आईला गाडीत बसू द्या. मीच जाणार हुतो, पर आईचंच लागतं म्हणत्यात.” या भागातल्या बायका अशा पुरुषासारख्या ‘हुतो’ म्हणतात. एकोणीस वर्षांत या घराची एवढी सवयही हिला लागली नाही.

“मी तिला अडवलेलं नाही,” मी म्हटलं.

“तुमी नुस्तं न्हाय म्हनलासा तरी ती हालत न्हाय. दादाच्या टायमाला बी असंच. तुमी म्हनलासा पत्र चांगलं हाय, म्हनून तो गेला.”

“मी भाषा तपासली होती, अनुजा. नोकरी नव्हे.”

“आमाला त्यातला फरक कळत न्हाय. म्हनून तर तुमच्याकडं आनलं हुतं.”

चिमणाबाई ओट्यापाशी कणीक मळत होती. मागे न बघता म्हणाली, “गप बस. माईस्नी उलटं बोलू नगं.” मग आणखी हळू म्हणाली, “तो जित्ता हाय. माईस्नी ठावं हाय.”

अनुजा गेली. गाडी दहा वाजता सुटणार होती. चिमणाबाईने दहा वाजता घड्याळाकडे बघितलं, मग पोळ्या लाटायला घेतल्या. आज पोळ्या जाड झाल्या.

शनिवार, २० सप्टेंबर

सकाळी नाश्त्यालाच उन्मेषचा फोन. आवाजावरून धास्तावलेला वाटला.

“आई, ते आकारामचं प्रकरण बंद कर.”

“का?”

“इथे व्हिसाचे नियम एका दिवसात बदलले. माझं काय होणार ते वकिलालाही सांगता येत नाही. आणि माझ्या सहीने एक अर्ज पडून आहे, रशियाकडून लढलेल्या माणसासाठी.”

“तो लढला नाही. फसवला गेला.”

“माझी फाईल उघडणारा तेवढं वाचत बसणार आहे का?”

मागून मैथिलीचा आवाज आला. सून माझ्याशी बोलत नाही, माझ्या ऐकण्यात बोलते. “अवनी सातवीत आहे म्हणावं. तिला आता कोल्हापुरात नेऊन कुठल्या शाळेत घालायचं, तेही विचारा.”

कुठल्या म्हणजे काय? माझी शाळा आहे. पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, बघते.

दिवसभर विचार केला. ज्या देशाने जगाची भांडणं मिटवायची तो माझ्या मुलाला एका रात्रीत उपरा ठरवतो, याला काय म्हणावं? त्याबद्दल एक पत्र लिहायला घेतलं होतं. मग लक्षात आलं की ते कुठल्याच सहीने पाठवता येणार नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज घटस्थापना. चिमणाबाई खाली बसून घटाची माती चाळत होती. मी टेबलाशी बसून चार ओळींचं पत्र टाइप केलं. अर्जदाराच्या वतीने सदर अर्ज मागे घेत आहोत. कृपया पुढील कार्यवाही करू नये. तसदीबद्दल क्षमस्व. खाली आईच्या वतीने माझं नाव आणि पत्ता.

“कुटं लिवतायसा?”

“अमेरिकेला.”

“आकारामचं?”

“हो.”

खोटं बोलले नाही. तिने मातीचे हात जोडले, मला की टीव्हीला ते कळलं नाही.

पत्र ई-मेलने गेल्यावर एकदा मनात आलं, आता हिला दिल्लीला जा म्हणावं का? आठ दिवस हातात होते. पण मग अर्जाचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. शिवाय नवरात्रात घरात बाई नसली की माझे हाल होतात, गुडघ्यामुळे मला खाली बसता येत नाही. आणि बोलणी चालू आहेतच. एवढा मोठा देश एका अर्जासाठी थोडाच थांबलाय? यादी व्हायची तर त्यात सगळेच येणार.

वाईट वाटलं का? थोडं. दुपारी झोप लागली.

हे पान कधी कुणाला दाखवायची वेळ आली तर आधी फाडावं लागेल.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

विश्वजितची पेटी परवा मुरगूडला आली. चिमणाबाई काल रजा घेऊन गेली होती. ऐन फराळाच्या दिवसांत. आज आली आणि चकलीचं पीठ भिजवायला बसली.

“बघितलंस?” मी विचारलं.

“उगडत न्हाईत, माई. निस्ती पेटी. समद्यांनी वर हात ठेवला. त्याच्या आईनं दोनी हात ठेवलं आन काडंनाच झाली.” मग म्हणाली, “मला बी ठेव म्हनली. म्या न्हाय ठेवला. म्हनलं, माझा जित्ता हाय, आपशकुन नको.”

“बरं केलंस.”

“हंबीरराव म्हनलं, तारीख गेली तरी रगात घेत्यात. पर पुरायला लागल्यात म्हनं, ज्यांचं कोन न्हाय त्यास्नी.” तिने सोऱ्यात पीठ भरलं. “आपली काय बातमी?”

“बोलणी चालू आहेत.”

“बरं.”

चकल्या चांगल्या झाल्या.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

अखेर उत्तर आलं. अमेरिकेच्या त्या कचेरीचं, जाड पांढरा लिफाफा, डाव्या कोपऱ्यात छापील नाव. पत्ता माझा, पण नाव चिमणाबाईचं, स्पेलिंग चुकवलेलं. माझ्या तक्रारीबद्दल दिलगिरी असणार. पण ती अर्जदाराच्या आईच्या नावे पाठवायची, हा त्यांचा आणखी एक गलथानपणा.

लिफाफा मी उघडला नाही. दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं, असं आमच्या मदर सुपीरियर सांगत. होस्टेलवर एका मुलीला त्यासाठी आठवडाभर गुडघ्यांवर बसवलं होतं. मी पन्नास वर्षांत कुणाचं पत्र उघडलेलं नाही, मोलकरणीचं असलं म्हणून काय झालं?

चिमणाबाई आली तेव्हा तिच्या हातात दिला. तिने आधी हात पुसले, मग घेतला. उलटासुलटा करून बघितला.

“काय हाय ह्यात?”

“तुझ्या नावाचं आहे. तू उघड.”

तिने तो पदराखाली धरला. मला वाटलं, आता म्हणेल, माई वाचा. मी चष्मा लावूनही बसले. पण ती म्हणाली, “घरला जाऊन देवापुडं उगडतो.” भांडी अर्धी टाकून गेली.

इंग्रजी आहे, म्हणजे उद्या माझ्याकडेच येणार.

शनिवार, ८ नोव्हेंबर

चिमणाबाईला न येता आज पंधरा दिवस झाले. निरोप नाही. एकोणीस वर्षांत ही पहिली वेळ. अनुजाचा फोन उचलला जात नाही. मी वरण-भात करून खाते आहे. आजारी असेल तर तसं कळवायला काय होतं? उन्मेष म्हणतो, दुसरी बाई बघ. उन्मेष या डिसेंबरमध्येही येणार नाही. एकदा बाहेर पडलं तर परत आत घेतील याची खात्री नाही म्हणे. म्हणजे अर्ज मागे घेऊनही त्यांनी याच्यावर काय मेहेरबानी केली?

त्या पत्रात काय होतं हे मात्र कळायला हवं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अमेरिकेने नवा मसुदा पुढे केला आहे, अठ्ठावीस कलमांचा. पेपरात वाचलं की त्यात सगळ्या कैद्यांची अदलाबदल आहे, सगळ्यांच्या बदल्यात सगळे. मी म्हटलं होतं तेच. ही बातमी आपणच सांगावी म्हणून रिक्षा करून चिमणाबाईच्या खोलीवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. कुलूप होतं. शेजारच्या धोंडुबाई उन्हात लसूण सोलत बसल्या होत्या.

“माई न्हवं तुमी? इंग्रजीच्या?”

“हो. चिमणाबाई कुठे आहे?”

“गावाकडं की. तुमास्नी ठावं न्हाय?” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “दिवाळी झाली आन मायलेकी दिल्लीला गेल्या, त्या मुरगूडच्या सुभेदाराबरूबर. रगात दिलं. गेल्या आटवड्यात कागुद आला. जुळलं म्हनं.”

“काय जुळलं?”

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की जणू मी वर्गातली मठ्ठ मुलगी. “रगात, माई. पोरगं गेलं.”

बुधवार, २६ नोव्हेंबर

गाडी ठरवून नेसरीला गेले. दोन-अडीच तास लागले. घरापुढे ताडपत्री बांधलेली, वीसेक माणसं बसलेली. कुणी उठलं नाही. हंबीररावांनी मात्र स्वतः खुर्ची आणून दिली. लष्करात रीत शिकवतात.

चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, “च्या ठिवा माईस्नी.”

मला वाटलं होतं ती मला बघून रडेल आणि मी समजूत घालेन. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं. तिने तशी संधी दिली नाही.

“रगात जुळलं,” ती म्हणाली. “पर तवर पुरलाय. दसरा झाल्यावर. नंबर हाय, चारशे सतरा. आता उकरून देत न्हाईत म्हनं, लडाई हाय तवर. दर्भाचा पुतळा करून त्याला आग दिली.”

“मी सांगायला आले होते,” मी म्हटलं, “अमेरिकेचा नवा मसुदा आलाय. मिटेल आता. मग जाता येईल तुला तिकडे.”

“मिटंल की,” ती म्हणाली. “च्या घ्या.”

तेवढ्यात अनुजाने तो लिफाफा आणला. मी म्हटलं, “दे, वाचते.” तिने दिला नाही. उभी राहून तिनेच वाचला, आधी इंग्रजीत, मग लोकांसाठी एकेक वाक्य फोडून. कैद्यांत आकारामचं नाव कुठेही आढळलं नाही. तो ज्या ठिकाणी होता तिथली प्रेतं ओळखीसाठी ठेवली आहेत, तेव्हा आईने नमुना ताबडतोब द्यावा, असं कळवायचं त्यांनी ठरवलं होतं. तोच बावीस सप्टेंबरला आईच्या वतीने अर्ज मागे घेतल्याचं पत्र मिळालं. सबब प्रकरण बंद केलं आहे. खाली माझं नाव होतं, प्रत माहितीसाठी म्हणून.

दोन ठिकाणी तिचे उच्चार चुकले. अर्थ बरोबर होता.

कुणी ओरडलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. हंबीरराव जमिनीकडे बघत होते. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, “बावीस तारीख म्हंजे? घट बसलं त्या दिवशी व्हय?” दुसरा म्हणाला, “व्हय. आजून आट दीस हुतं की.”

मी चहा संपवला. निघताना चिमणाबाई उठून गाडीपर्यंत आली. पदराची गाठ सोडून माझ्या घराची किल्ली काढली आणि गाडीच्या टपावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. “गुडघ्याचं तेल मधल्या फळीवर हाय,” ती म्हणाली आणि वळली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

नऊ दिवस नीट झोप नाही. सोमवार, १५ तारखेपासून नवी बाई येणार आहे, त्याआधी हा विषय संपला पाहिजे. आज स्पीड पोस्टाने पाठवलेल्या पत्राची ही नक्कल.

चिमणाबाई,

नेसरीला वीस माणसांसमोर माझ्या नावाचा जो उल्लेख झाला तो एकतर्फी होता. मला बोलू दिलं गेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

आकारामला पहिली अक्षरं मी शिकवली. त्याच्यासाठी अर्ज मी लिहिला, तक्रार मी केली, अपमान मी सोसला. माझ्या मुलाच्या पोटावर पाय येत होता तेव्हा अर्ज मागे घ्यावा लागला. तू माझ्या जागी असतीस तर तूही तेच केलं असतंस. आईला आपलं मूल आधी दिसतं, हे तुला मी सांगायला नको. रक्त देऊ नकोस हा माझा सल्ला होता, हुकूम नव्हता. तू सज्ञान आहेस. दहाची गाडी तुझ्यासाठी उभी होती आणि तू पोळ्या करत राहिलीस. मी तुझा हात धरला नव्हता. शिवाय तो जूनमध्येच गेला होता. म्हणजे मी जे काही केलं किंवा केलं नाही, त्याने तो परत येणार नव्हता. पेटीची गोष्ट वेगळी. पेटीबद्दल मला वाईट वाटतं.

मला तुझ्याकडून एकच वाक्य लेखी हवं आहे: माईंनी जे केलं ते आकारामच्या भल्यासाठी केलं आणि माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. अनुजाने लिहावं, मराठीत चालेल. खाली तू अंगठा कर. साक्षीदार म्हणून हंबीररावांची सही घे, म्हणजे पुन्हा कुणाला बोलायला जागा राहणार नाही. परतीचा लिफाफा तिकिटं लावून सोबत ठेवला आहे.

तोंडी निरोप, फोन किंवा कुणाच्या हस्ते सांगावा चालणार नाही. लेखी उत्तर माझ्या हातात रविवार, दिनांक १४ डिसेंबर २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत पडलं पाहिजे.